आंटीची लोर्ना

अहो वहिनी, या ना जरा भिंतीपाशी. कपडे काय, वाळतील नंतर. काल रात्री आमच्या वरच्या आंटीकडचा ट्रम्पेट ऐकलात ना? तुमच्या सोसायटीत आला असणारच. शांती नगरात काय लपतंय? मी तणतणत वर गेले भांडायला, नि तासाभराने केक खाऊन खाली आले.

अहो, लोर्ना होती ती, रेकॉर्डवरची! लोर्ना कोर्देरो. मूळची कांदोळीची, बार्देशातली, पण नाव झालं आपल्या मुंबईत. चर्चगेटला अ‍ॅस्टोरिया हॉटेलात ‘व्हेनिस’ नावाचा नाइटक्लब होता. मडगावचा ख्रिस पेरी, त्याचा बँड आणि पुढे माइकवर ही. साठच्या दशकातली गोष्ट. क्लबांत तेव्हा इंग्रजी गाण्यांचा रुबाब. ख्रिसने तोच जाझ, तेच ट्रम्पेट-सॅक्सोफोन कोकणी गाण्याला लावलं आणि गाणं हिच्या गळ्यात दिलं. एचएमव्हीच्या रेकॉर्डी आल्या. ‘बेबडो’, ‘पिसो’, ‘लिस्बोआ’, आंटी नुसती नावं घेते नि पाय हलायला लागतात तिचे.

हे गोव्याचे वाजवणारे काही परके नव्हेत हो आपल्याला. भगवानदादांचा ‘अलबेला’ आठवतो ना, 1951 चा? सी. रामचंद्रांच्या त्या संगीतात चिक चॉकलेटचा ट्रम्पेट आहे. तोही गोंयकारच. पण त्यातले बहुतेक पडद्यामागेच राहिले. ही मात्र ऐन समोर उभी.

आवाज म्हणाल तर गोडबीड अजिबात नाही. जाडसर, खरखरीत. आपले कान लताबाईंवर वाढलेले. ही म्हणजे भर बाजारात पापलेटाचा भाव करणारी बाई, बँड कितीही वाजू दे, हिचं वर ऐकू येणारच. मला मालवणीच्या जोरावर शब्द अर्धेच कळतात, पण अडत नाही.

ख्रिस आणि लोर्नाचं काय? हां, मला वाटलंच, तेच विचारणार तुम्ही! मीही आंटीला तेच विचारलं. ख्रिस लग्न झालेला, पोराबाळांचा. सत्तरच्या दशकात जोडी फुटली आणि बाई गायचीच थांबली. दुसऱ्या कुणाबरोबर गायचं नाही असा करार होता म्हणतात. कागद कुणी पाहिलाय? पुढे 1995 साली रॉनी मोन्सेरातने तिला परत आणलं, ‘हॅलो लोर्ना’ हा अल्बम काढून.

बार्द्रॉय बारेतोचा तो कोकणी सिनेमा आला ना, ‘नाचुंया कुंपासार’, त्यात नावं बदललीयत, पण गोष्ट ओळखू येतेच. विजय मौर्य आणि पालोमी घोष. गाणी ख्रिसची. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला सिनेमाला. आणि मग जो तो म्हणायला लागला, ख्रिसने तिला घडवली. घडवली असेल! चाली त्याच्या, बँड त्याचा. पण आंटीला म्हटलं, ख्रिसची पाच गाणी सांग बघू पटकन. तिने सांगितली ती पाचही लोर्नाची. आता कुणी कुणाला घडवलं, तुम्हीच बोला.

रविवारी संध्याकाळी या वर. आंटीने बोलावलंय, भावोजींनाही आणा. फक्त ‘बेबडो’ लागलं की त्यांच्याकडे बघू नका हो, आंटीला लगेच कळतं.