धनत्रयोदशीचं कार्ड

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरवलं की सगळे त्याला एकच प्रश्न विचारतात : "मुलगा कितवीला आहे?" नाशिकच्या कॅनडा कॉर्नरकडच्या दुकानदाराने विचारला, वरच्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टमध्ये विचारला. मला मुलगा नाही. मुलगी आहे, ती पुण्यात दिवसभर कॉम्प्युटरपुढे असते आणि मी कॉम्प्युटरचं नाव काढलं की "बाबा, फोन आईकडे द्या" म्हणते. पहिल्या दोन दुकानांत मी खरं काय ते सांगितलं. तिसऱ्यापासून "बारावीला" म्हणू लागलो. तिथे सहानुभूती मिळाली, पण "काका, मग यंदा नकाच घेऊ" असा सल्लाही मिळाला.

कार्ड मलाच हवं होतं. विमान उडवायला.

माझं बालपण ओझरला गेलं. तिथे एचएएलच्या कारखान्यात मिग विमानं बनत. एखादं चाचणीला निघालं की आमचे मास्तर "सोळा पंचे" म्हणून थांबायचे, आवाज आभाळातून पार जाईपर्यंत खडू धरून उभे राहायचे आणि मग "ऐंशी" म्हणायचे. सोळाचा पाढा मला अजून आवाजासकट पाठ आहे. पुढे विमानात बसायचं राहिलं, ऑफिसात बसलो. मग एका सुट्टीत भाच्याने त्याच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर दाखवला. २०२० सालचा, आकाशातून काढलेल्या छायाचित्रांवरून अख्खी पृथ्वी उभी केलेला. त्यात गंगापूरचं धरण होतं, ब्रह्मगिरी होता आणि ओझरची धावपट्टीही होती.

"मामा, पण तुमच्या डबड्यावर हे चालायचं नाही. कार्ड लागेल."

आमच्या पिढीने कॉम्प्युटर पहिल्यांदा पाहिला तो चपला बाहेर काढून. खोलीला एसी, दाराला पडदा, आत सर. सर चहाला गेले की प्रिन्स ऑफ पर्शिया. राजपुत्र भाल्यांच्या खड्ड्यात पडला की आम्हीच कळवळायचो. चित्र काढायला वेगळं कार्ड असतं, हे तेव्हा आमच्या गावीही नव्हतं. भाच्याने माझ्या भाषेत समजावलं : प्रोसेसर म्हणजे हुशार हेडक्लार्क, अवघड फायली निकालात काढणारा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे हजारो उमेदवार, प्रत्येकाला एकच काम, आपापला ठिपका रंगवायचा. साध्या पडद्यावर असे वीस लाखांहून जास्त ठिपके, आणि ते सेकंदाला साठ वेळा रंगवायचे. आमच्या ऑफिसात उमेदवारांची कमी नाही. ठिपका तेवढा कोणी रंगवत नाही.

पुढचा घोळ नावांचा. एनव्हिडियाचं ५०६० म्हणजे पन्नास ही पिढी आणि साठ ही त्या पिढीतली पायरी. पुढे टीआय लागलं तर तीच मिसळ, वर तर्री. एएमडीवाले तर्रीला एक्सटी म्हणतात. इथवर मला झेपलं. पण ५०६० टीआय नावाची दोन कार्डं निघाली, एकाच महिन्यात, एप्रिल २०२५ मध्ये. एकाला ८ जीबी मेमरी, दुसऱ्याला १६. नाव तेच, खोकं तसंच. आमच्या वाड्यात दोन नाना होते, त्यांना निदान बारके नाना आणि मोठे नाना म्हणायची पद्धत होती.

शिवाय हल्लीची कार्डं सगळी चित्रं काढतही नाहीत. एक खरं काढतात आणि पुढची तीनपर्यंत अंदाजाने मधे घुसवतात. ऐकून मला घरच्यासारखं वाटलं. एक काम करून चारांचा अहवाल देणाऱ्यांना आमच्याकडे बढती मिळते.

बायकोला जीबीशी कर्तव्य नव्हतं. तिने विचारलं, "वीज किती खातं?" ५०६० खातं १४५ वॅट, म्हणजे छताचे दोन पंखे. टीआय १८०. आणि सगळ्यांत थोरलं ५०९० म्हणजे ५७५. "म्हणजे मिक्सर," ती म्हणाली, "आणि तुम्ही तो रोज तीन तास फिरवणार. चटणी तरी निघेल का?" महावितरणच्या बिलात शंभर युनिटांवर गेलं की दर कशी उडी मारतो, हे तिने मला बिल काढून दाखवलं.

खरा जाणकार निघाला तो निफाडचा साडू. शेतकरी माणूस, कांद्याची चाळ बाळगून आहे. त्याला मी कार्डांच्या बाजाराचा इतिहास सांगितला. २०२१ मध्ये आभासी नाणी खणायला लोकांनी ढिगाने कार्डं उचलली आणि भाव दुपटीवर गेले.

"साठेबाजी," साडू म्हणाला.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमवाल्यांनी खणण्याची पद्धतच मोडीत काढली आणि राबवलेली कार्डं बाजारात आली.

"चाळी फोडल्या."

आता एआयवाल्या कंपन्या अशाच चिपा घाऊक नेताहेत.

"निर्यात खुली झाली. बरं, तो जीएसटी उतरला ना सप्टेंबरात?"

"मोठ्या टीव्हीचा. २८चा १८ झाला. याला आधीपासून १८च."

"मग टीव्ही घ्या." थोडा विचार करून त्याने सल्ला दिला, "पाहुणे, थांबा. भाव उतरंल." तो स्वतः उन्हाळ कांदा चाळीत ठेवून भाव चढायची वाट बघत होता. मी उतरायची, तो चढायची, असे आम्ही दोघे दसऱ्यापर्यंत थांबलो. उतरला तो कांदा.

१७ ऑक्टोबरला वसुबारस होती. त्या दिवशी नाशकात बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए ओझरला उडालं. मी टीव्हीवर पाहत होतो. तेच आभाळ, तीच धावपट्टी. जेवण झाल्यावर मी बायकोला म्हणालो, "उद्या धनत्रयोदशी आहे." तिला वाटलं, सोनं.

दुकानात सोनाराकडे असावी तशी गर्दी. पोरगा पटापट सांगत होता आणि मी पाठ केलेलं विसरत होतो. शेवटी पाव तासात ५०६० ठरलं, ८ जीबीचं. महिनाभराच्या अभ्यासाचा या निर्णयाशी काही संबंध नव्हता. खोकं समोर होतं आणि मागे रांग होती. एका ठिकाणी मात्र मी माझं डोकं चालवलं. जुन्या डबड्यात कार्ड चालणार नव्हतं म्हणून डबाच नवा घेत होतो, आणि त्यातले प्रोसेसर दोन प्रकारचे होते : एफवाला स्वस्त, त्याच्यात चित्र काढायची सोय नाही. बिनएफवाल्यात थोडीफार असते.

"काका, कार्ड घेताय ना? मग एफच घ्या. पैसे वाचतील."

"असू दे. अडीअडचणीला उपयोगी पडेल. आणि ती सोय नि कार्ड, दोन्ही चालू ठेव."

पोराने माझ्याकडे बारावीतल्या मुलाची कीव आल्यासारखं पाहिलं.

घरी बायकोने डब्याला हळदकुंकू वाहिलं. काचेच्या कॅबिनेटमधून कार्डाचे लाल-निळे दिवे दिसत होते, ते तिला आवडले. डब्याच्या मागे भोकंच भोकं. पडद्याची केबल जिथे बसली तिथे बसवली. चित्र आलं. खेळ उतरायला रात्र गेली आणि दुसऱ्या दिवशी मी ओझरहून उड्डाण केलं.

काय सांगू! विमान गचके खात होतं. धावपट्टी तुकड्या-तुकड्यांनी मागे जात होती. द्वारका सर्कलवर तर जागच्या जागी थांबल्यासारखं झालं, जसं खाली वाहनांच्या कोंडीत होतं तसंच. फराळाला येणाऱ्या प्रत्येकाला मी उडवून आणलं. साडू शेजारी खुर्चीचा हात घट्ट धरून बसला. "डोंगर जरा अडखळत येतोय," बायको म्हणाली. मी म्हणालो, "हवेचे खड्डे. इतकं खरं करतात हे लोक."

भाऊबीजेला बहीण आली, बरोबर भाचा. त्याने लाडू तोंडात टाकला, पडद्याकडे पाहिलं आणि चावायचा थांबला.

"मामा, सेकंदाला सातच चित्रं येतायत."

"पण एकेक कसं निवांत बघता येतं!"

तो टेबलाखाली शिरला. तिथून आवाज आला, "मामा, केबल मदरबोर्डात आहे. हे सगळं तुमचा प्रोसेसर काढतोय. कार्डाला हातच लागलेला नाही. एफ घेतला असता तर पहिल्याच दिवशी पडदा काळा राहिला असता, लगेच कळलं असतं."

थोडक्यात, तीसेक हजारांच्या त्या वस्तूने पाच दिवस आमच्या घरात नुसते दिवे लावले होते. "आकाशकंदील दोनशेला मिळतो," एवढंच बायको बोलली.

भाच्याने केबल काढून खालच्या भोकात लावली. विमान उठलं ते लोण्यातून सुरी जावी तसं. द्वारका मागे पडली, गोदावरी चमकली, गंगापूरच्या पाण्यावर ढगांची सावली सरकली. मी गप्पच झालो.

साडूने दोन मिनिटं पाहिलं आणि खुर्चीचा हात सोडला.

"पहिलं बरं होतं, पाहुणे," तो म्हणाला. "आता नाशिकचं वाटत नाही."