चाळीस मिनिटांचे शूरवीर

लग्नाच्या पंगतीत जिलबी येईपर्यंत एक तरी वीर भेटतोच. "कळंबोली ते किवळे चाळीस मिनिटं! काटा एकशेचाळीसच्या खाली येऊच दिला नाही." शेजारचे काका भात कालवायचे थांबतात. मागच्या सीटवर डोळे मिटून रामरक्षा म्हणत आलेली त्याची बायको मठ्ठ्याच्या वाटीत बघत राहते.

जरा हिशेब करू. कळंबोली ते किवळे म्हणजे अख्खा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, सुमारे 95 किलोमीटरचा. 100 ची मर्यादा धरून निघालात तर 57 मिनिटं. घाटात मर्यादा आणखी कमी, पण वीराच्या गोष्टीत घाट लागतच नाही! म्हणजे कमाई सोळा-सतरा मिनिटांची. त्यातली दहा फूड मॉलला वडापावच्या रांगेत गेली, उरलेली वाकडच्या कोंडीत. तिथं शेजारी येऊन उभी राहिली ती मघाशी लोणावळ्यापाशी हॉर्न मारून मागे टाकलेली जुनी व्हॅगनआर.

वेग 100 चा 140 झाला की गाडीची गतिज ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. हे ब्रेकला कळतं, वीराला कळत नाही. त्याला कळतात फक्त कॅमेऱ्याचे खांब. खांब आला की पाय वर, खांब गेला की पाय खाली.

एखादा खांब नजरेतून सुटतोच. मग मोबाइलवर ई-चलन येतं, फोटो, तारीख, वेळ आणि वेगासकट. पराक्रमाचा एवढा पक्का सरकारी दाखला हातात असून पुढच्या पंगतीत तो कुणी दाखवत नाही. केवढा हा विनय!