कॅप्टनला डांबर सोसत नाही

आमचा कॅप्टन कोथरूडला राहतो. घरासमोर वीतभर खड्डा पडला, तरी तो क्षेत्रीय कार्यालयात फोटोसकट तक्रार करतो. तक्रारीत 'करदाता', 'मणका' आणि 'लाज' हे तीन शब्द ठरलेले. शनिवारी पहाटे मात्र हाच करदाता तोच मणका घेऊन मोटारसायकलवरून पार भंडारदऱ्यापर्यंत खड्डे शोधत जातो आणि चांगले ऐसपैस सापडले की मित्रांना मिठ्या मारतो.

तो सैन्यात कधीच नव्हता, बँकेत आहे. कॅप्टन हे पद त्याने व्हॉट्सॲप ग्रुप काढताना स्वतःच घेतलं. मे महिना लागला की ग्रुपवर सामानाची यादी पडते. यादीत पंक्चर किट, चेनचं वंगण, दोरखंड, हेडटॉर्च असं सगळं असतं. फक्त बायकोची परवानगी ज्याची त्याने आणायची असते.

भर उन्हाळ्यात तो जाड जॅकेट, छातीला कवच, गुडघ्याला-कोपराला गार्ड आणि पाठीवर नळीवाली पाण्याची पिशवी अशा थाटात निघतो. नारायणगावला मिसळ खायला थांबलो, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या पोराने त्याला आदराने विचारलं, "काका, तुम्ही विहिरीत उतरणार?"

राजूरच्या पुढे गाडीवाट लागली की त्याचं शिबिर सुरू होतं. आधी टायरमधली थोडी हवा सोडायची, म्हणजे पकड वाढते. मग, "फूटपेगवर उभे राहा! गुडघ्यांनी टाकी धरा! नजर लांब ठेवा! दगडाकडे बघाल तर गाडी दगडावरच जाईल!" यातला शब्दन् शब्द खरा आहे. अडचण एवढीच, की हे सांगताना कॅप्टन मागे वळून आमच्याकडे बघत असतो. त्याची हिमालयन ४५० इंधनासह १९६ किलोची. तंबू, स्टोव्ह आणि घडीच्या खुर्चीसकट ती आडवी झाली, की उचलायला तिघे लागतात आणि सूचना द्यायला कॅप्टन.

आम्ही असे ओणवे असतानाच मागून स्प्लेंडर येते. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मागे बायको, तिच्या मांडीवर झोपलेलं पोर. चालवणारा एका हाताने रामराम करून त्याच दगडांवरून निघून जातो. कॅप्टन धूळ झटकत म्हणतो, "त्याच्याकडे टेक्निक नाही. नुसती सवय आहे."

मुक्काम भंडारदऱ्याच्या आर्थर लेकच्या काठी, एका घराच्या पडवीलगतच्या मोकळ्या रानात. कॅप्टनचा परदेशी स्टोव्ह वाऱ्याशी झुंजत राहतो. घरच्या मावशी चुलीवरचा चहा घेऊन येतात, तोवर त्याच्या भांड्यातलं पाणी जेमतेम अंघोळीच्या लायकीचं झालेलं असतं. तो चहा घेतो, पण "इंधनाची तुलना चुकीची आहे" असं नोंदवून.

रात्री काजवे. पावसाळ्याच्या तोंडावर इथली हिरड्या-बेहड्याची झाडं लखलखतात. ते बघायला कॅप्टन गाडीचे दोन्ही जादा दिवे लावतो! गावचा पोरगा धावत येतो. "साहेब, बंद करा! नर चमकून मादीला बोलावतोय, तुमच्या उजेडात तिला दिसंना." कॅप्टन दिवे मालवतो, पण त्या दिव्यांची किंमत ठाऊक असल्याने आम्हाला त्याच्याकडे बघवत नाही.

त्याचं खरं दुःख वेगळंच आहे. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, तेव्हापासून वाड्या-वस्त्या डांबराने जोडल्या जातायत, आणि कॅप्टन योजनेचं नाव शत्रुराष्ट्रासारखं उच्चारतो. गेल्या वर्षीच्या वाटेवर यंदा योजनेचा फलक दिसला, की तो हेल्मेट काढून क्षणभर उभा राहतो.

यंदा निघताना सरपंच भेटले. वाटेला मंजुरी मिळाली होती. ते आनंदाने म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात या, गाडी थेट दारात लागंल! बाळंतपणाच्या बाईला आता डोलीतून न्यायला नको." कॅप्टनला आनंद दाखवणं भागच होतं. त्याने तो दाखवला, पण चेहरा काही साथ देईना. शेवटी चाचरत म्हणाला, "छानच... पण थोडा खडकाळ भाग ठेवता आला तर...?"

सरपंचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नका साहेब. ठेकेदार आमच्या ओळखीचा आहे. दोन पावसाळं जाऊ द्या, तुमची वाट तुम्हाला परत."