गाण्याची पायली

खिशात मावणाऱ्या संगीतयंत्राच्या खोक्यावर त्याची धारणशक्ती ज्या एककात छापलेली असते, ते ‘गाणे’ हे एकक मापनशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळत नाही. तरीही भाजीवाल्याच्या तागडीकडे संशयाने पाहणारा ग्राहक ते निःशंकपणे स्वीकारतो, ही बाब अभ्यासकांच्या नजरेतून आजवर निसटलेली दिसते. एका खोक्यावर ‘1 जीबी, 250 गाणी’ असे असते, शेजारच्या खोक्यावर ‘1 जीबी, 500 गाणी’ असे असते, आणि चिकित्सक ग्राहक दोन्ही खोकी उलटसुलट पाहून, किंमत सारखीच असल्याची खात्री करून घेऊन, दुसरे उचलतो.

500 या आकड्याच्या डोक्यावर एक चांदणी असते आणि तिचा खुलासा खोक्याच्या तळाशी, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत केलेला असतो. रूढ व्याख्येप्रमाणे ‘गाणे’ म्हणजे 4 मिनिटे लांबीचा आणि सेकंदाला 128 किलोबिट या दराने दाबून बसवलेला आवाज होय. एका सेकंदाच्या आवाजासाठी किती माहिती खर्ची घालायची हे सांगणाऱ्या या दरालाच बिटरेट म्हणतात. त्या हिशेबाने एका गाण्याला 3.84 मेगाबाइट जागा लागते, एका गिगाबाइटमध्ये 260 गाणी बसतात, आणि वरची 10 उत्पादक उदार मनाने सोडून देतो. दुसऱ्या खोक्यावरची चांदणी मात्र 64 किलोबिटांची असते, म्हणजे जागा तेवढीच राहून गाणे निम्मे झालेले असते. त्याच चरवीतल्या दुधात पाणी घालून दुप्पट पेले भरणाऱ्या गवळ्याला आळीत तोंड दाखवणे कठीण होते. येथे मात्र त्याच कृत्याला तंत्रज्ञानाची प्रगती म्हणतात. सीडीवर दर सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने, प्रत्येकी 16 बिटांचे, डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळे घेतलेले असतात, म्हणजेच बिटरेट 1,411 किलोबिट असतो. या दराने त्याच एका गिगाबाइटमध्ये 23 गाणी मावतात, आणि हा आकडा खोक्यावर छापण्याचे धाडस कोणी करील असे वाटत नाही.

गिगाबाइट तरी भरलेले असते काय, हाही प्रश्नच आहे. कोळवे, चिपटे, मापटे, शेर आणि पायली या चढत्या मापांनी धान्य मोजणाऱ्या समाजात मापावर शीग लावण्याची, म्हणजे काठाच्या वर धान्याचा निमुळता ढीग उभा करण्याची, रीत होती. विकणारा गिगाबाइट 100 कोटी बाइटांचा मानतो आणि संगणक तो 1,07,37,41,824 बाइटांचा मानतो, त्यामुळे 8 गिगाबाइटचे यंत्र जोडताच पडद्यावर 7.45 उमटतात. शीग राहिली बाजूला, माप काठापर्यंतही आलेले नसते.

आता 4 मिनिटांकडे वळावयास हवे, कारण खरी गंमत तेथे आहे. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या 10 इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटांचा आवाज मावत असे, म्हणून गवयांनी तासाभराचा राग तेवढ्यात उरकण्याची विद्या साधली आणि गाण्याची लांबी तबकडीच्या रुंदीवरून ठरली. पुढे तबकडी गेली, कॅसेट आली आणि तीही गेली, पण लांबीची ती सवय थोडीफार सैल होऊन उरली. आणि जे गाणे एकेकाळी भांड्यात मावावे म्हणून कापले होते, त्याच गाण्याने आता भांडे मोजण्यात येऊ लागले. या मापाने मराठी घरातले संगीत मोजून पाहिल्यास पुढील कोष्टक हाती येते: गणपतीपुढची 2 मिनिटांची आरती म्हणजे अर्धे गाणे, विलंबितापासून द्रुतापर्यंत 48 मिनिटे चाललेला ख्याल म्हणजे 12 गाणी, आणि 2 तासांचे कीर्तन म्हणजे 30 गाणी. 250 गाण्यांच्या यंत्रात अशी 8 कीर्तने सुखरूप बसतात. नववे बुवा पूर्वरंगातच अडकतात आणि आख्यान कधीच सुरू होत नाही. हे एकक इतके सोयीचे आहे की ते यंत्रापुरते ठेवणे अन्यायाचे ठरेल. पुणे ते मुंबई हे अंतर, वाहतूक सुरळीत असल्यास, 45 गाण्यांचे. दाढी 2 गाण्यांची. लग्नातली पंगत 8 गाण्यांची, आणि जावईबापू रुसले असतील तर 15 गाण्यांची. नळाला पाणी येते ते 10 गाणी, त्यांतली पहिली 3 नुसत्या हवेची.

परंतु कीर्तनातला टाळ 64 किलोबिटांत ऐकून पाहिल्यावर विनोदबुद्धी टिकवणे अवघड जाते. मोठ्या आवाजाच्या आड दडलेला बारीक आवाज कानाला कळत नाही, या तत्त्वावर ही दाबण्याची क्रिया चालते, आणि कोणते आवाज कळत नाहीत हे ऐकणाऱ्याला न विचारता ठरवले जाते. दर जसजसा उतरतो तसतशी तानपुऱ्याची जवारी झिजते, आणि टाळ हौदात बुडवून वाजवल्यासारखा फसफसतो. शिवाय फाइलच्या शेपटीला 128 बाइटांची एक चिठ्ठी जोडण्याची पद्धत 1996 साली निघाली, त्या चिठ्ठीवर संगीताचा प्रकार नोंदवण्यासाठी 80 प्रकारांची यादी होती. त्या यादीत अ‍ॅसिडचेच तीन प्रकार आहेत, पोल्का नावाचा युरोपीय नाच आहे, पण ख्याल नाही, अभंग नाही, लावणी नाही, पोवाडा नाही. ज्या प्रदेशाला पोलके हे फक्त शिवून घ्यायचे वस्त्र म्हणून ठाऊक, त्या प्रदेशाचे अख्खे संगीत ‘इतर’ या एका खणात कोंबावे लागते. सातशे वर्षे गायला जाणारा अभंग ‘इतर’! आणि त्याचे नाव देवनागरीत लिहावे तर कित्येक यंत्रांच्या पडद्यावर ओळीने रिकामे चौकोन उभे राहतात, म्हणजे मालकाने पैसे मोजून घेतलेले यंत्र त्याला त्याच्याच भाषेत निरक्षर ठरवते. याबद्दल दुकानात तक्रार केल्यास ‘नावे इंग्रजीत टाका’ असा सल्ला मिळतो, आणि सल्ला देणाऱ्याचे आडनाव हटकून मराठी असते. हा निर्लज्जपणा आहे, आणि यासाठी याहून सभ्य शब्द शोधण्याचे कारण नाही.

ग्राहकाचे याविषयी काही म्हणणे नसते, कारण तो कोष्टक आखण्यात गुंतलेला असतो. एका स्तंभात किंमत, दुसऱ्यात गाणी, तिसऱ्यात भागाकार. रुपयाला किती गाणी पडली हे दशांश चिन्हानंतर दोन स्थळांपर्यंत काढले जाते, आणि हा गणिती घरी स्वतःची म्हणून चाळीसच गाणी बाळगून असतो. बॅटरीचे तास तो पडदा बंद आणि आवाज बारीक असतानाचे धरतो, वजन ग्रॅममध्ये टिपतो, कडांची गोलाईदेखील पाहतो. नारळ घेताना जो कानाशी नेऊन हलवतो, कलिंगडावर टिचक्या मारून ज्याचे बोट दुखते, मडके वाजवल्याशिवाय जो पैसे काढत नाही, तोच मनुष्य ज्या एका वस्तूची परीक्षा केवळ कानानेच व्हायची ती कानाला न लावता घेतो. आणि चुकून लावायची इच्छा झालीच, तर सील फोडल्यावर माल परत घेतला जाणार नाही असे सांगून दुकानदार त्याला सावरतो.

खिशातली ही यंत्रे आता बहुतेक अडगळीत गेली, तरी एकक मात्र जिवंत आहे. फोनमधून गाणी पुरवणाऱ्या सेवा हल्ली ‘10 कोटी गाणी’ असल्याची जाहिरात करतात. प्रमाण गाणे 4 मिनिटांचे धरल्यास हा साठा रात्रंदिवस, झोप व जेवण वगळून, ऐकून संपवण्यास सुमारे 760 वर्षे लागतील. म्हणजे देवगिरीवर यादवांचे राज्य असताना जो कानात बोंडे खुपसून बसला असेल, तो आता कुठे शेवटच्या गाण्याशी आला असेल. त्याला पहिला महिना फुकट असतो.