पुस्तक सोडून सर्व काही मिळेल

अल्लीपुरात विद्यापीठाचे पुस्तक येत नाही, पुस्तकाची बातमी येते. तीही वेळेवर. वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या या गावात सकाळची एसटी उशिरा येईल, ऐन उन्हाळ्यात लाइन जाईल, पण 'ग्रंथालय वार्ता' ठरल्या वेळी मोबाइलवर हजर असते. पीडीएफच्या पहिल्या पानावर बोधचिन्ह, दुसऱ्यावर कुलगुरूंचा शुभसंदेश, तिसऱ्यावर ग्रंथपालांचे मनोगत आणि चौथ्यावर 'नवीन आगमन' या मथळ्याखाली पुस्तकांची मुखपृष्ठे, पोस्टाच्या तिकिटाएवढी. नाव वाचायला चित्र मोठे करावे, तर नावच पुसट होते. लेखक कोण हे कळत नाही. पण पुस्तक हिरवे आहे एवढे खात्रीने सांगता येते.

विद्यापीठाचे नाव मी सांगणार नाही. एखादा भाबडा माणूस नाव वाचून तिथे पुस्तक मागायला जायचा, ते पाप माझ्या माथी नको. मी तिथला नोंदणीकृत संशोधक आहे, हिंगणघाटच्या कापूस बाजाराचा इतिहास हा माझा विषय आहे आणि त्याला पुस्तके लागतात, एवढे पुरे. पुस्तके लागतात हे मला मार्गदर्शकांनी सांगितले. ग्रंथालयाला ते कोणी सांगितलेले दिसत नाही.

'नवीन आगमन'मधले हिरवे पुस्तक मागायला गेलो, तेव्हा ते दर्शनी दालनातल्या काचेच्या कपाटात होते. कपाटाला कुलूप होते. किल्ली ज्यांच्याकडे असते ते साहेब मीटिंगला गेले होते.

"प्रदर्शनातलं देता येत नाही," तिथले भाऊ म्हणाले. "दिसून तं राह्यलं ना जी तुमाले?"

दिसत होते, हे मला नाकारता आले नाही.

प्रदर्शन उठले की पुस्तक 'प्रक्रियेत' जाते. तिथे त्याला दाखलअंक मिळतो, वर्गांक मिळतो, शिक्के बसतात, बारकोड चिकटतो. हे सारे आवश्यकच आहे. फक्त त्यातून बाहेर पडेपर्यंत पुस्तक जुने झालेले असते आणि वार्तेत जुन्या पुस्तकांना जागा नाही. म्हणजे पुस्तकाची बातमी असते तेव्हा ते देता येत नाही आणि देता येते तेव्हा त्याची बातमी नसते. व्यवस्था म्हणून पाहिले तर तिच्यात कुठेही फट नाही.

जुन्या पुस्तकांसाठी ओपॅक, म्हणजे ऑनलाइन तालिका, आहे. घरबसल्या कोणते पुस्तक आहे ते पाहता येते, ही मोठी सोय. मी देवनागरीत 'हिंगणघाट' टाइप केले. शून्य नोंदी. रोमन लिपीत टाइप केले, दोन सापडल्या. इंग्रजांच्या काळात गावाचे जे स्पेलिंग होते त्याने शोधले, आणखी काही सापडल्या. ज्ञानेश्वरांवर काम करणाऱ्या माझ्या मित्राचे हाल याहून वाईट आहेत. 'ज्ञ' लिहायला कोणी डी-एन-वाय वापरले, कोणी जे-एन, कोणी जी-वाय. त्यामुळे ओपॅकमध्ये तीन स्वतंत्र संत आहेत आणि त्यांची एकमेकांशी ओळख नाही. देवनागरी युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ मध्ये आली. आमच्या तालिकेपर्यंत ती अजून वाटेत आहे. मधल्या काळात कुठल्याशा जुन्या फॉन्टमध्ये भरलेल्या मराठी नोंदी आता पडद्यावर अशा उमटतात की वेलांटी एका ओळीत आणि अक्षर दुसरीत.

तरीही नोंद सापडली की तिच्यापुढे हिरव्या रंगात 'उपलब्ध' असे येते. ते पाहून कोणी एसटीत बसू नये. 'उपलब्ध' याचा अर्थ ते पुस्तक दुसऱ्या कोणाच्या नावावर नाही, एवढाच. ते मांडणीवर आहे, बांधणीला गेले आहे, वाळवीच्या ताब्यात आहे की कोणा प्राध्यापकांच्या घरी तोंडी बोलीवर मुक्कामाला आहे, हे संगणकाला माहीत नसते. आणि जे त्याला माहीत नाही, त्याविषयी तो बोलत नाही.

मांडणीपर्यंत पोहोचले तरी पुस्तकापर्यंत पोहोचता येतेच असे नाही. अमेरिकेच्या मेल्विल ड्युईने १८७६ साली जगातले सारे ज्ञान शून्य ते ९९९ या आकड्यांत बसवले. त्यात इंग्रजी साहित्याला ८२० असा घसघशीत पूर्णांक मिळाला. मराठी साहित्य 'इतर भाषां'च्या ८९० या घरात, तिथल्या ८९१च्या खोलीत, दशांशचिन्हाच्या पलीकडे ८९१.४६ वर राहते. ड्युईबद्दल माझी तक्रार नाही, त्याने अल्लीपूर पाहिले नव्हते. पण आकड्यांच्या क्रमाने कपाटे लावत गेल्यामुळे आमच्या ग्रंथालयात ८९१.४६ नेमके जिन्याखाली आले आहे, जिथली ट्यूब कधीपासून फक्त फडफडते. मराठी कादंबरी शोधायला आलेला वाचक तिथे मोबाइलचा टॉर्च लावून ओणवा होतो. भाषेपुढे नतमस्तक होण्याची एवढी सक्तीची सोय दुसरीकडे नसेल.

मला हवा होता तो ग्रंथ मात्र सापडला. मध्य प्रांताच्या जिल्हा गॅझेटियरांपैकी वर्धा जिल्ह्याचा खंड, आर. व्ही. रसेल यांनी संपादिलेला, १९०६ सालचा. सापडला, कारण तो संदर्भ विभागात होता आणि संदर्भ विभागातून कधीच काही हलत नाही. वर्धा जिल्ह्याविषयीचे पुस्तक वर्धा जिल्ह्यात नेता येणार नाही, असे मला सौजन्याने सांगण्यात आले. मग काही पानांची झेरॉक्स मागितली. कागद फार जुना असल्यामुळे यंत्राच्या काचेवर ठेवायचा नाही, असा नियम निघाला. मोबाइलने फोटो काढू का, म्हणून विचारले. भाऊंनी न बोलता भिंतीकडे बोट केले. 'छायाचित्रणास सक्त मनाई' ही पाटी तिथे होती आणि तिच्यासमोर उभे राहून दोन मुले सेल्फी काढत होती.

हाताने उतरवून घ्यायला हरकत नव्हती. घेत होतो, पण साडेचारला 'पाचला बंद' असे सांगण्यात आले आणि पावणेपाचला पंखे बंद झाले. ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडे असते, हे वार्तेत छापलेलेच आहे. आठपर्यंत उघडे असते ते प्रवेशद्वार.

आता कोणी म्हणेल, पुस्तकांच्या मागे काय लागता, काळ ऑनलाइनचा आहे. मान्य. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजना मंजूर केली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक शासकीय संस्था. हा वर्धेच्या कापूस संशोधकासाठीही आनंदाचा दिवस होता. 'ग्रंथालय वार्ते'ने त्यावर विशेषांक काढला. ही नियतकालिके घरून वाचता यावीत म्हणून संस्थेकडून नाव आणि पासवर्ड मिळतो. तो मिळवायचा कसा, हेही अंकात सविस्तर होते: घरून वापरण्याच्या सुविधेसाठी संशोधकाने मूळ ओळखपत्रासह कार्यालयीन वेळेत प्रत्यक्ष उपस्थित राहावे.

राहिलो. अर्ज भरला. पासवर्ड ईमेलवर येईल, असे सांगितले गेले. आला तो विद्यापीठाने दिलेल्या ईमेलवर. आणि तो ईमेल उघडण्यासाठी लागणारा ओटीपी प्रवेशाच्या वेळी दिलेल्या मोबाइल क्रमांकावर जात होता, जो आता यवतमाळच्या कोणा सद्गृहस्थांकडे आहे. ते भले माणूस आहेत. मी फोन केला की तत्परतेने आकडे वाचून दाखवतात. आजवर ग्रंथालयीन सेवा म्हणावी अशी मला मिळाली ती यांच्याकडून.

शोधगंगा मात्र अल्लीपुरातही वाहते. २००९च्या यूजीसी नियमांनी विद्यापीठांना प्रबंध तिथे ठेवायला लावले आणि आता देशभरचे लाखो प्रबंध कोणालाही, पासवर्डशिवाय, फुकट वाचता येतात. मी रात्री नेट चांगले असते तेव्हा ते वाचतो. ऋणनिर्देश तर आवर्जून वाचतो. प्रत्येक संशोधकाला ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यांचे 'अनमोल सहकार्य' लाभलेले असते. इतक्या जणांना लाभले म्हणजे ते कुठेतरी नक्की मिळत असणार.

ग्रंथालयशास्त्राचे भारतातले आद्य आचार्य एस. आर. रंगनाथन. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी या शास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तके वापरासाठी असतात, हा पहिला. चौथ्यात वाचकाचा वेळ वाचवायला सांगितले आहे. हे पाचही नियम आमच्या दर्शनी भिंतीवर पितळी अक्षरांत आहेत आणि ती अक्षरे दर आठवड्याला पुसली जातात. १२ ऑगस्टला रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त ग्रंथपाल दिन असतो. त्या दिवशी हार, दीपप्रज्वलन, 'वाचकाचा वेळ' या विषयावर व्याख्यान आणि त्यानिमित्त देवघेव विभाग बंद. १५ ऑक्टोबरला डॉ. कलाम यांची जयंती, म्हणजे वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी वाचनकक्षात वाचत बसलेल्यांना उठवून बाहेर रांगेत उभे करतात आणि हातात पुस्तक देऊन फोटो घेतात. नंतर पुस्तक परत घेतात.

वाचनकक्ष बाकी भरलेला असतो. स्पर्धा परीक्षांची मुले पहाटे येऊन जागा धरतात. नंतर आलेल्याला खुर्ची दिसते आणि खुर्चीवर पाण्याची बाटली. ती मुले स्वतःची पुस्तके घेऊन येतात, सबब ग्रंथालयाच्या पुस्तकांना त्यांचा त्रास नाही. त्यांच्याविषयी मला राग नाही. गावात खोली नाही, खोलीत टेबल नाही, निकालाची तारीख नाही. त्यांना निदान पंखा मिळू दे. गंमत एवढीच की दारावरच्या रजिस्टरात ती मुले, मी आणि पाणी प्यायला आलेला रिक्षावाला, सगळ्यांची 'वाचक' म्हणून नोंद होते. ग्रंथालयाचा रोजचा वापर किती, हाही विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या मोजमापातला एक निकष राहिला आहे. त्यामुळे मी आत येताना सही करतो तेव्हा माझे चांगले स्वागत होते. काम तेवढ्यावर संपते.

हे सारे अटळ आहे, अल्लीपूर लांब आहे, असे मीही स्वतःला समजावून पाहिले. अडचण इतिहासाच्या वाचनाने केली. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले, ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते काढले आणि लाकडी पेट्यांत पुस्तके भरून खेड्याखेड्यांत पाठवली. मद्रास इलाख्यात मन्नारगुडीजवळ, रंगनाथन यांचे नियम आले त्याच १९३१ साली, पुस्तकांनी भरलेली बैलगाडी गावोगाव फिरू लागली. ना ओपॅक, ना ओटीपी. बैल ज्या गावात थांबतील त्या गावात पुस्तक उपलब्ध, आणि तिथे उपलब्ध म्हणजे हातात.

अल्लीपुरात बैलबंड्यांना तोटा नाही. बंडी नको असेल तर पोस्ट आहे. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू केले. ३०० ग्रॅमच्या पाकिटाला २० रुपये, ५ किलोला १०० रुपये. पाच किलोत माझा अख्खा दुसरा अध्याय बसेल. मी ग्रंथालयाला लेखी विनंती केली: टपालखर्च माझा, अनामत हवी तेवढी घ्या, पुस्तक पाठवा. उत्तर आले. सूचना स्तुत्य आहे, ती सल्लागार समितीपुढे ठेवण्यात येईल, आणि या पत्राची मूळ प्रत संशोधकाने कार्यालयातून समक्ष घेऊन जावी.

गेल्या महिन्यात प्रबंध सादर करण्याच्या तयारीला लागलो. त्यासाठी ग्रंथालयाचे 'नो ड्यूज' लागते. मनाशी धरून चाललो होतो की यात पावसाळा जाईल. पण खिडकीवरच्या ताईंनी दाखलअंक विचारला नाही, ओळखपत्र मागितले नाही, साहेब मीटिंगला गेलेले नव्हते आणि सिस्टीम सुरू होती. प्रिंटरमध्ये कागदसुद्धा होता. दोन मिनिटांत शिक्क्यासह प्रमाणपत्र हातात पडले: सदर संशोधकाकडे या ग्रंथालयाचे एकही पुस्तक नाही.

मी ते दोनदा वाचले. शुद्धलेखन बरोबर होते, सही जागेवर होती, मजकुराबद्दल तर वादच नव्हता. खात्री करून घ्यावी म्हणून ताईंना विचारले, "हे घरी नेता येईल ना?"

"हो जी," त्या म्हणाल्या. "हे तुमचंच आहे."