९७ भागिले ६४

आयपीएलच्या दिवसांत विरार लोकलच्या प्रत्येक डब्यात एक गृहस्थ असतोच. "आपण चौदा ओव्हरांत मारलं आणि तिकडे ते हरले, तर..." अशी सुरुवात करून बोरिवली येईस्तोवर तो आपल्या संघाला चौथ्या क्रमांकावर नेऊन बसवतो. या गृहस्थाचं मूळ घराणं शोधत गेलं, तर ते लंडनला निघतं. आर्सेनल या फुटबॉल संघाच्या हायबरी मैदानात, १९५२-५३ च्या मोसमात.

चपटी टोपी, आर्सेनलचा लाल-पांढरा मफलर आणि कानावर दोन इंच उरलेली पेन्सिल. बाकीचे लोक सामन्याचा कार्यक्रम खेळाडूंची नावं वाचायला विकत घेत. हा समास कोरे असतात म्हणून घेई. मध्यंतरात फळ्यावर दुसऱ्या मैदानांवरचे गोल लागत, तेही नुसत्या अक्षराखाली. 'सी' म्हणजे कुठला सामना हे ज्याच्याकडे कार्यक्रम त्यालाच कळणार. आजूबाजूचे माना वळवून याच्याकडे बघत. आठवड्यातली ही दहा मिनिटं त्याच्या मोठेपणाची.

त्या वेळी इंग्लिश फुटबॉल लीगच्या पहिल्या विभागात २२ संघ, प्रत्येकाचे ४२ सामने, विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. गुण सारखे झाले तर गोलसरासरी बघायची: केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचं. वजाबाकी नव्हे, भागाकार. वजाबाकी कोणीही बोटांवर करतो. ६४ ने भाग द्यायला पायरीवर उभं राहून, मागच्याचा कोपर बरगडीत घेत, दशांशापुढे शून्य उतरवत बसावं लागतं. खरं तर हा नियम आपल्यासाठीच केलाय, असं त्याला मनातून वाटे.

मोजायची सवय काही त्याला फुटबॉलने लावली नव्हती. १९४० पासून घरात रेशनची पुस्तकं. मोसम सुरू झाल्यावर चहा सुटला, फेब्रुवारीत गोळ्या-चॉकलेटं सुटली, पण साखर अजून कुपनावरच होती. तेरा वर्षं चमचे मोजणाऱ्याला गोल मोजायला कितीसा वेळ लागतो?

इतिहासही त्याला तोंडपाठ, पण फक्त दशांशातला. १९२४ चं विचारा. हडर्सफील्ड आणि कार्डिफ, दोघांचे ५७ गुण. हडर्सफील्डचे गोल ६०-३३, कार्डिफचे ६१-३४. वजा केलं तर दोघांचे सत्तावीसच. भागलं तर हडर्सफील्ड ०.०२४ ने पुढे आणि विजेते. कार्डिफने शेवटच्या सामन्यात पेनल्टी दवडली, त्याची हळहळ जगाने केली. हा मात्र तिसऱ्या दशांशापाशी थांबून डोळे मिटतो.

अशा माणसाच्या आयुष्यात १९५३ चा एप्रिल यावा, हे भाग्यच. आर्सेनल आणि प्रेस्टन गळ्यात गळा घालून धावत होते. प्रेस्टनकडे टॉम फिनी. इंग्लंडचा एवढा मोठा खेळाडू, पण नळकामाचा धंदा सोडलेला नव्हता. २५ एप्रिलला प्रेस्टनने आपल्या मैदानावर आर्सेनलला २-० हरवलं आणि गुण सारखे झाले. चार दिवसांनी डर्बीत फिनीच्या पेनल्टीवर १-० जिंकून त्यांनी आपलं पान पुरं केलं: ५४ गुण, गोल ८५-६०, सरासरी १.४१७. आर्सेनलचे ५२ गुण, गोल ९४-६२, आणि शेवटचा सामना बर्नलीशी. शनिवारी वेम्बलीला एफए कपचा अंतिम सामना, म्हणून हा शुक्रवारी, १ मेच्या संध्याकाळी.

बरोबरी झाली तर एक गुण कमी, संपलं. जिंकलं तर सरासरी आपलीच. एवढं साधं गणित. शाळकरी पोरानेही पेन्सिल खिशात ठेवून सामना बघितला असता.

"काय हो, किती गोल हवेत?" शेजारच्याने विचारलं.

"नुसतं जिंकलं तरी पुरे."

"मग लिहिताय काय एवढं?"

"एक अडचण आहे." त्याने समास पुढे केला. "अठरा-सतरा जिंकलो, तर ११२ भागिले ७९. वाचलो. पण एकोणीस-अठरा जिंकलो, तर ११३ भागिले ८०. १.४१२. गेलो!"

शेजाऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, मग मैदानाकडे पाहिलं आणि दोन पावलं बाजूला सरकला.

त्याला हसणं सोपं आहे. पण पन्नास हजार माणसं दाटीवाटीने उभी आणि पहिला गोल बर्नलीचा. अशा वेळी कोणी देव आठवतो, कोणी नखं खातो. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याने निदान पेन्सिल धरली होती. मग आर्सेनलच्या फोर्ब्सने बरोबरी केली, लिशमनने दुसरा मारला, लोगीने तिसरा. ३-१. उत्तरार्धात बर्नलीने एक परत केला आणि अख्ख्या मैदानाचा श्वास अडकला. आणखी एक बसला की बरोबरी, आणि बरोबरीला भागाकार नसतो. त्या शेवटच्या मिनिटांत म्हणे त्याने काही लिहिलं नाही. पेन्सिल मात्र दातांत होती.

३-२. शिट्टी वाजली. टोप्या उडाल्या, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली, आर्सेनलचं सातवं विजेतेपद. हा गृहस्थ गुडघ्यावर कागद ठेवून ९७ ला ६४ ने भागत होता. पाचव्या दशांशापर्यंत गेल्यावर त्याने टोपी काढली.

घरी बायकोने विचारलं, "जिंकलात?"

"०.०९९ ने."

"म्हणजे जिंकलात ना?"

तो यावर काही बोलला नाही. बायकोला पूर्णांकच कळतात, हे त्याला लग्नापासून ठाऊक होतं.

मग उन्हाळा आला. फुटबॉल बंद. बावीसच्या बावीस संघांचे शून्य गोल, खाल्लेले शून्य. शून्याला शून्याने भागायला गणित परवानगी देत नाही, तेव्हा पेन्सिल टेबलावर ठेवायला हरकत नव्हती. पण जूनमध्ये ऑस्ट्रेलियाशी कसोटी मालिका सुरू व्हायची होती. त्याने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. फुटबॉलमध्ये बिचारी एकच सरासरी. क्रिकेटमध्ये फलंदाजाची वेगळी असते, गोलंदाजाची वेगळी.