निसर्गरम्य परिसर [संदर्भ हवा]

विकिपीडियावरची शाळेची नोंद ओळखायला शाळेचं नाव वाचावं लागत नाही. पहिल्याच ओळीत शाळा 'निसर्गरम्य परिसरात वसलेली' असते. दुसऱ्या ओळीत ती 'विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध' होते. तिसरीत रोपट्याचा वटवृक्ष झालेला असतो. चौथीत 'सुसज्ज प्रयोगशाळा' येते. तिची किल्ली कोणाकडे असते, हे मात्र येत नाही. हे सगळं आपण आधीच वाचलेलं आहे: शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत, आमदारांच्या शुभेच्छा आणि सराफाची जाहिरात यांच्या मधल्या पानावर. स्मरणिका रद्दीत गेली, मजकूर टाइप होऊन ज्ञानकोशात आला.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. तिथे हात बसवायला 'धूळपाटी' आहे, चर्चेला 'चावडी' आहे, आणि कोणी पुराव्याशिवाय ठोकून दिलं की वाक्यामागे डकवायला 'संदर्भ हवा' अशी चिठ्ठी आहे. हे हत्यार ज्याने काढलं त्याला माझा दंडवत. (लग्नाच्या बायोडाटावर ते अजून का आलं नाही, कळत नाही.) स्मरणिकेतून आलेल्या मजकुरावर ही चिठ्ठी लावत गेलं, की शेवटी शाळेचं नाव, गाव आणि स्थापनेचं साल एवढंच उरतं. कधी कधी सालही उरत नाही, कारण संस्थापकांचे दोन नातू दोन वेगवेगळी सालं सांगत असतात आणि दोन वेगवेगळे महोत्सव साजरे झालेले असतात.

नियम तसा सरळ आहे. शाळेशी देणंघेणं नसलेल्या कोणीतरी, खात्रीच्या ठिकाणी, त्या गोष्टीबद्दल लिहिलेलं असावं. मग सध्याच्या शिक्षकांची यादी उडते, कारण बदल्या झाल्या की ती शिळी होते. तासिकांचं वेळापत्रक उडतं. 'शाळेत शिस्तीला महत्त्व आहे' हे उडतं, कारण शिस्तीला महत्त्व नाही असं सांगणारी शाळा अजून सापडायची आहे. आठवीच्या पोरांनी मधल्या सुट्टीत घुसडलेलं गणिताच्या सरांचं टोपणनावही उडतं. जिवंत माणसाबद्दल पुराव्याविना लिहायचं नाही, हे बरोबरच आहे; फक्त त्या अख्ख्या पानावर निरीक्षणातून आलेली तेवढी एकच माहिती होती.

मुळात कोणत्या शाळेला नोंद द्यायची, यावर इंग्रजी विकिपीडियावाले वर्षानुवर्षं भांडले. एक पक्ष म्हणे, माध्यमिक शाळा आहे ना, मग राहू द्या. दुसरा म्हणे, नुसतं असणं हा काही पराक्रम नव्हे. २०१७ मध्ये ठरलं की शाळा अस्तित्वात आहे एवढ्यावरून ती उल्लेखनीय ठरत नाही. बरोबर ठरलं. आपल्याकडे प्रत्येक शाळेला ११ आकडी यू-डायस क्रमांक असतो. क्रमांक असलेल्या प्रत्येकीला पान द्यायचं तर ज्ञानकोशाची टेलिफोन डिरेक्टरी होईल. शिवाय त्यातल्या कितीतरी 'न्यू इंग्लिश स्कूल' निघतील. चिपळूणकर, टिळक आणि नामजोशींनी पुण्यात १८८० साली त्या नावाची शाळा काढली, आणि पुढे गावोगावी त्याच नावाच्या पाट्या लागल्या. शाळा जुनी, माध्यम मराठी, नाव न्यू इंग्लिश. एकाच नावाच्या नोंदी वेगळ्या करून दाखवणारं निःसंदिग्धीकरणाचं पान करणाऱ्याने आधी रजा टाकावी.

पण या नियमात एक गंमत आहे, आणि ती आम्हा वर्तमानपत्रवाल्यांच्या अंगावर येते. 'इतर कोणी दखल घेतलेली असावी' म्हणजे कोणी? मुख्यतः आम्हीच. आणि आम्ही शाळेची दखल केव्हा घेतो? छप्पर कोसळलं की, खिचडीत पाल निघाली की, आणि दहावीच्या निकालाला हवेत उडी मारणाऱ्या मुलींचा फोटो लागतो तेव्हा. जी शाळा रोज वेळेवर भरते, जिथली मुलं तिसरीत नीट वाचतात, तिच्यावर बातमी होत नाही. म्हणजे संदर्भ नाही. म्हणजे ज्ञानकोशाच्या हिशेबी ती नाही. इंग्रजी विकिपीडियावर प्राथमिक शाळेला तर बहुतेक वेळा गावाच्या नोंदीत ढकलून मोकळे होतात. माढा तालुक्यातल्या परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा जगाला दिसली ती २०२० मध्ये, रणजितसिंह डिसले यांना १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइज लंडनमधून जाहीर झाला तेव्हा. त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवायचं काम ते त्याआधी कित्येक वर्षं करत होते. पण तोवर संदर्भ कुठे होता? माढ्याहून पुण्याला बातमी यायची, तर ती लंडनमार्गे आली.

मग येतात माजी विद्यार्थी. इथे सगळ्यात जास्त धक्काबुक्की. ज्यांच्यावर स्वतंत्र नोंद आहे किंवा होऊ शकते, आणि जे त्या शाळेत शिकल्याचा पुरावा आहे, तेवढेच घ्यायचे असतात. प्रत्यक्षात यादी सुरू होते माजी नगरसेवकापासून आणि संपते यादी लिहिणाऱ्यापाशी. आठवीची एक सहामाही काढून वडिलांच्या बदलीबरोबर गेलेल्या नटावर तीन शाळा हक्क सांगतात. तो नापास कुठे झाला, यावर एकही सांगत नाही.

पराक्रमांचंही तसंच. कल्याणच्या के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने २०१६च्या जानेवारीत नाबाद १००९ धावा केल्या. संघाच्या ३ बाद १४६५. हे त्या शाळेच्या नोंदीत हवंच, कोणी वाद घालणार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. समोर आर्य गुरुकुल होती. तिचा संघ दोन डावांत ३१ आणि ५२ वर आटोपला. मग तो सामना तिच्याही नोंदीत घ्यायचा की नाही? माझं मत, घ्यावा. संदर्भ तोच, सामना तोच, उन्हातान्हात चेंडू आणायला पळालेली पोरंही इतिहासातलीच. पण हरलेल्या बाजूने असं कलम कधी कोणी लिहिलेलं पाहिलंय?

खरी परीक्षा साताऱ्यात आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी शाळेत एका मुलाचं नाव दाखल झालं. आजचं प्रतापसिंह हायस्कूल ते हेच. रजिस्टरमध्ये क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. २०१७ पासून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. म्हणजे नोंदीला लागतं ते सगळं हजर: तारीख, क्रमांक, दस्तऐवज, शासनाची मोहोर. 'माजी विद्यार्थी'खाली बाबासाहेबांचं नाव लिहायला कोणी सेकंदभर थांबणार नाही.

पण त्याच शाळकरी दिवसांबद्दल बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलंय. वर्गात इतरांपासून वेगळं, कोपऱ्यात बसायचं. बसायला घरून गोणपाट आणायचं आणि संध्याकाळी घरी न्यायचं, कारण शाळेचा झाडूवाला त्याला हात लावायचा नाही. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. गुरुजींच्या परवानगीने शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी पाणीही नाही. हे कुठे लिहायचं? 'शालेय सुविधा' या मथळ्याखाली की 'उज्ज्वल परंपरे'त? नाव घेतलंत, तर गोणपाटही घ्यावं लागेल. रजिस्टरातली ओळ आणि कोपरा, दोन्ही एकाच मुलाचे आहेत. आणि गोणपाटाचा साक्षीदार तर प्रत्यक्ष त्यावर बसलेला आहे.

इथे संस्थेचे सचिव चर्चा पानावर अवतरतात. कोणत्याही शाळेचे असोत, वाक्य एकच असतं: 'बदनामीकारक मजकूर तात्काळ काढण्यात यावा.' त्यांना वाटतं नोंद शाळेची आहे, म्हणजे शाळेच्या मालकीची. हा समज किती लांब जातो ते आयआयपीएमच्या प्रकरणात दिसलं. ही शाळा नव्हे, व्यवस्थापनाची संस्था. पानभर जाहिराती देणारी. तिच्या इंग्रजी नोंदीतली टीका वर्षानुवर्षं पातळ होत गेली, आणि ती करणारा 'वायफिओन' नावाचा सदस्य चक्क विकिपीडियाचा प्रचालक, म्हणजे ॲडमिन, निघाला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या संस्थेला विद्यार्थ्यांची दिशाभूल केल्याबद्दल फटकारलं. वायफिओनला विकिपीडियाने २०१५ मध्ये हाकललं. मधल्या काळात प्रवेशाआधी 'जरा नेटवर बघून घेऊ' म्हणणाऱ्या पालकांनी काय वाचलं असेल?

म्हणून पालकाला जे हवं असतं तेच शाळेच्या नोंदीत आधी असावं, असं मला वाटतं. शाळा कोणी काढली, जागा कोणी दिली, मुलींना कधीपासून घेतलं, मराठी माध्यमाच्या तुकड्या कधी बंद केल्या, फी किती. यातलं बरंचसं शोधलं तर सापडतं. अडतं एकाच रकान्यात. डोनेशनला महाराष्ट्रात १९८७च्या कायद्याने बंदी आहे, तरी आकडा गल्लीतल्या प्रत्येकाला पाठ असतो. तो नोंदीत घालून पाहा, पाच मिनिटांत मागे 'संदर्भ हवा' येतं. आणि ज्याची पावतीच फाडत नाहीत, त्याला संदर्भ कुठला जोडणार?